पँथरच्या गिअरबद्दलचं खरं

आमच्या रविवारच्या रणगाड्यांच्या खेळाबद्दल इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत दोन-तीनदा छापून आलं आहे. दरवेळी ते मीच लिहिलं आणि दरवेळी त्यात माझ्या एका मित्राची थट्टा होती, की हा गृहस्थ इतकी वर्षं खेळतोय आणि इतकी वर्षं हरतोय. वाचणारे हसले, तोही हसला. ते लिखाण चुकीचं होतं, आणि लिहिताना मला ते ठाऊक होतं. आता मी ऐंशीकडे झुकलोय. तब्येत बरी आहे, अवधपुरीतलं घर दोघांना पुरून उरतं, चहात साखर किती यावर बायकोचं अजून लक्ष असतं. तक्रारीला जागा नाही. म्हणूनच ही एक गोष्ट जास्त टोचत होती.

खेळ काय होता ते आधी सांगतो. मी कारखान्यात डिझाइनला होतो. गिअर हा माझा विषय. मित्र साइटवाला. म्हणजे आम्ही कागदावर काढलेलं यंत्र कुठल्याशा वीजकेंद्रात नेऊन बसवायचं आणि ते नीट चालेपर्यंत तिथून हलायचं नाही, हे त्याचं काम. तो ग्वाल्हेरचा, मी पुण्याहून नोकरीसाठी आलेला. कारखान्याच्या वसाहतीत, बरखेड्यात, आमचे क्वार्टर एकाच ओळीत होते. कारखान्याच्या लायब्ररीत परदेशी मासिकं यायची. एकात फोटो होता : चांगली पोट सुटलेली चार माणसं टेबलावर छोटे रणगाडे मांडून लढाई खेळतायत. मी तो मित्राला दाखवला.

"म्हणजे आपल्यासारखे रिकामटेकडे तिकडेही आहेत," तो म्हणाला. "चल, बनवू."

ओतकामाचे लाकडी साचे जिथे करत तिथे भंगारात टाकलेले सागाचे तुकडे असत. ते मागून आणून मी रणगाडे कोरले. तोफांच्या नळ्यांना विणकामाच्या सुया तोडल्या. बायको त्यानंतर बरीच वर्षं शेजारणींना सांगायची, "माझा स्वेटर जर्मनांनी अडवून ठेवलाय." शाळेत गणित शिकवणारे उज्जैनचे एक गुरुजी आमचे पंच झाले. पंच म्हणून ते कडक होते आणि उपयोगाचेही, कारण त्यांच्याकडे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असायचे. चादरीखाली सहामाहीचे गठ्ठे घातले की डोंगर, घटक चाचणीचे घातले की टेकड्या. एकदा एका वर्गाचे निकाल उशिरा लागले, कारण तो वर्ग माझ्या तोफखान्याखाली अडकला होता.

कारखान्यात प्रत्येक मोटरीवर एक धातूची पट्टी ठोकलेली असते : ताकद किती, वेग किती, वजन किती. तशीच प्रत्येक रणगाड्याला आम्ही पुठ्ठ्याची नेमप्लेट केली. पुढचा पत्रा किती जाड, किती तिरका, तोफ केवढी, रस्त्यावर वेग किती, चिखलात किती. हा खेळाचा निम्मा आनंद होता. दोन देशांच्या डिझायनरांनी एकाच प्रश्नाला दिलेली उत्तरं शेजारी शेजारी ठेवून बघायची. जर्मनांचा टायगर म्हणजे तिजोरी : जाड, सरळ उभे पत्रे आणि लांब पल्ल्याची तोफ. रशियनांचा टी-चौतीस हलका, पत्रा पातळ, पण चांगला तिरका लावलेला.

तिरक्या पत्र्याचं गुरुजींना पटेना. "पत्रा तेवढाच ना? मग तिरका केल्याने जाड कसा होईल?"

मित्र उठून स्वयंपाकघरात गेला. माझी बायको कोशिंबिरीसाठी काकडी चिरत होती.

"वहिनी, एक मिनिट सुरी द्या."

"भाऊजी, बोट कापाल. तुम्हाला नट-बोल्टचे पाने बरे, सुरी नको."

त्याने एक तुकडा आडवा कापला, एक खूप तिरका, आणि दोन्ही चकत्या गुरुजींच्या हातावर ठेवल्या. "काकडी एकच. सुरीला कुठे जास्त चालावं लागलं?"

गुरुजींनी चकत्या बघितल्या, मग खाल्ल्या. "मान्य," ते म्हणाले.

मित्राची सेना रशियन, माझी जर्मन. हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं. माझ्याकडे टायगर होते, पण माझा जीव पँथरवर. जर्मनांनी टी-चौतीसचा तिरका पत्रा बघून त्यावर केलेला हा जबाब. पुढून अभेद्य म्हणावा असा, तोफ लांब, दिसायलाही देखणा. मी केलेल्या लाकडी रणगाड्यांत पँथर सगळ्यांत सुबक उतरले होते. एकेकाची चाकं कोरायला मी रविवारची दुपार घातली होती.

एकदा मित्र बऱ्याच दिवसांनी साइटवरून परतला. उन्हाने काळा झालेला आणि वैतागलेला. त्या रविवारी नेमप्लेट हातात घेऊन तो म्हणाला, "यार, प्लेटवर लिहिलेलं सगळं साइटवर मिळत असतं, तर मला पगार कशाचा मिळतो? आपल्या खेळात काहीच बिघडत नाही. बिघाडाचा नियम पाहिजे. प्रत्येक चालीला फासा टाकायचा. एक पडला, की तो रणगाडा जागेवर बंद."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. यंत्रांच्या बाबतीत शेवटचा शब्द माझा असे.

त्याच आठवड्यात मी पँथरबद्दल एक पुस्तक वाचून संपवलं होतं. त्यात स्पष्ट दिलं होतं, की हा रणगाडा मुळात हलका व्हायचा होता. मग पत्रे जाड करत नेले, वजन वाढत गेलं, पण चाकांवरचा लोखंडी पट्टा फिरवणारी शेवटची गिअरची जोडी त्या वजनाच्या मानाने कमकुवतच राहिली. ते दाते तुटायचे. पँथर शत्रूच्या गोळ्याने जितके जायबंदी झाले, तितकेच स्वतःच्या गिअरने रस्त्यात बसले, असा त्या वर्णनाचा सूर होता. वाचताना मला ते अगदी डोळ्यांसमोर दिसलं. दाता कुठून तडकला असेल हेही मी सांगू शकलो असतो.

आणि मी म्हणालो, "मी वाचलंय त्याबद्दल. बिघाड दोन्हीकडे सारखेच होत होते."

"दोन्ही बाजूंना सारखं असेल ते काटायचं," गुरुजी म्हणाले. त्यांचा तो वर्गातला समीकरणाचा नियम. बिघाड कटला.

मित्राने मान डोलावली. "तू म्हणतोस तर असेल. गिअर तुझा विषय."

मी असं का बोललो, याची मोठी कारणं शोधून उपयोग नाही. डिझाइनवाले कागदावर शहाणे आणि साइटवाले त्यांचं पाप निस्तरणारे, ही कारखान्यातली रोजची थट्टा होती. ती मी आठवडाभर ऐकायचो. रविवारी, माझ्या घरात, माझ्या हातच्या पँथरचा गिअर तुटला असं त्याच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती. एवढंच.

मग पुढची वर्षं तो हरत गेला. कधी जंगल असेल, कधी त्याचे रणगाडे जास्त मोजून दिले असतील, तेव्हा एखादी लढाई बरोबरीत सुटे. एरवी माझे पँथर लांबून, आरामात, एकदाही न बिघडता त्याची फळी कापत. जळलेल्या रणगाड्यावर आम्ही धुरासाठी कापसाचा बोळा ठेवत असू. त्याच्या सेनेवर इतका कापूस असे, की गणेशोत्सवाच्या नाटुकल्यात मी त्याला 'कापूस सेनापती' केलं. लिहिलं मी, हशा मिळाला मला, नाव चिकटलं त्याला. वीजकेंद्रांची चाकं फिरवून आलेला माणूस भाजी घ्यायला निघाला, की ओळीतली मंडळी विचारत, "काय सेनापती, कापूस संपला का?" तो म्हणे, "संपतोय कसला, घाऊक आणलाय."

तो मनाने मोकळा आहे. पण हळूहळू त्याने डाव आखणं सोडून दिलं हे मला दिसत होतं. आधी तो नकाशे काढून यायचा. नंतर नुसता यायचा, रणगाडे पुढे ढकलायचा, पोहे-जलेबी खाऊन जायचा. आम्ही निवृत्त झालो, क्वार्टर सोडले, दोघांनीही अवधपुरीतच दोन गल्ल्यांच्या अंतरावर घरं बांधली. गुरुजी मुलाकडे अयोध्या नगरात गेले, पण रविवारी रिक्षाने येतात. खेळ चालू राहिला.

गेल्या हिवाळ्यात मित्राने सांगितलं, की तो त्याचे टी-चौतीस अयोध्या नगरातल्या काही तरुण नोकरदारांना देऊन टाकणार आहे. ती मुलं छापील नियमांवर, विकतच्या रणगाड्यांनी खेळतात आणि त्यांना आमच्या लाकडी सेनेचं कौतुक आहे.

"आणि तू?" मी विचारलं.

"मी येईन ना बसायला. पण खेळ नको. मला हा कधी जमलाच नाही, भाई. काही माणसांचं डोकं त्यात चालत नाही. साठीनंतर तरी मान्य करायला पाहिजे होतं, मी तर अठ्ठ्याहत्तरीला करतोय."

तो हे अगदी सहज, खारे दाणे सोलत बोलला. मी हातातले दाणे परत बशीत ठेवले. आयुष्यभर त्याला माझ्या एका वाक्यामुळे वाटत आलं होतं, की आपल्याला डोकं नाही. आणि तेच मनात धरून तो खेळातून उठणार होता.

मी सरळ जाऊन सांगायला हवं होतं. ते धैर्य नव्हतं म्हणून मी आडवाट धरली. बिघाडाचा नियम तयार करून पुठ्ठ्यावर लिहिला आणि त्याच्याकडे गेलो. तो ओट्यावर उन्हात बसला होता.

"देण्याआधी एकच लढाई खेळू," मी म्हणालो. "तुझ्या जुन्या नियमाने. बिघाडाचा फासा."

"आता आठवलं?"

"वाच तर."

त्याने चष्मा लावला आणि पुठ्ठा वाचला. पँथरला एक किंवा दोन पडले की गाडी बंद. टी-चौतीसपुढे मी 'बिघाड नाही' लिहिलं होतं. या वेळी तोच जिंकावा अशी व्यवस्था केली होती.

"माझ्या रणगाड्यांना काय, अमृत पाजलंय?" तो म्हणाला.

"तुझा साधा, दणकट. त्याला काय होतंय?"

"साधा म्हणजे बिघडत नाही? हे तू मला सांगतोस?" तो खुर्चीत पुढे सरकला. "अरे, सुरुवातीच्या टी-चौतीसचा गिअर बदलायला ड्रायव्हर हातोडी घेऊन बसायचे. जास्तीचा गिअरबॉक्स मागे बांधून निघायचे. एअर फिल्टर असून नसल्यासारखा. मी वाचलंय सगळं."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"तू म्हणालास सारखंच आहे. माझं मला माहीत होतं, की वाईट आहे. तुझंही तेवढंच वाईट असेल असं धरून चाललो. पँथरचं मी वेगळं कशाला वाचू? गिअरवाला माणूस शेजारी राहतो." त्याने पुठ्ठा माझ्या हातात परत दिला. "हे खोटं आहे. कुणाच्या बाजूने का असेना."

आडवाट तिथेच संपली. मी सांगितलं. पुस्तक, तो आठवडा, ते वाक्य, नाटुकलं, सगळं. सांगताना मी त्याच्या ओट्यावरच्या तुळशीकडे बघत होतो.

मग त्याने जो प्रश्न विचारला, त्याची मी तयारी केली नव्हती.

"कुठला गिअर?"

"काय?"

"तुटायचा कुठला? इंजिनाकडचा की पट्ट्याकडचा?"

"पट्ट्याकडचा. अगदी शेवटची जोडी."

"दात सरळ की तिरके?"

"सरळ."

"एवढ्या वजनाला सरळ दात?" त्याला खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. "आणि बदलायला काय काय उघडावं लागायचं?"

मी त्याच्या चहाच्या बशीला पट्ट्याचं चाक केलं, चमच्याला दांडा केलं आणि समजावायला लागलो. या शेवटच्या जोडीचं ठीक, ती बाहेरून निघायची, पण मोठा गिअरबॉक्स पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. तो काढायचा तर वरचं छप्परच उचलायचं. तो म्हणाला, ज्याने हे कागदावर काढलं त्याला एकदा पावसात साइटवर पाठवायला पाहिजे होतं. मी म्हणालो, लढाई चालू असताना कारखान्यांना सोपे दाते कापावे लागले असतील. तो म्हणाला, तेच, तेच, कागदावर तुम्हाला सगळं सोपं असतं. आमचे आवाज चढले तशी त्याची बायको बाहेर आली.

"भांडताय का शिकवताय?"

"अजून ठरलं नाही," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आता तू जा."

पुढचे दोन रविवार तो आला नाही. मी टेबल मांडून ठेवत होतो आणि संध्याकाळी चादर घडी करत होतो. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "भाऊजींनी बशी-चमचा भिरकावला नाही ना? मग येतील." गुरुजींनाही सांगितलं. ते हादरले. दोन्ही बाजूंना सारखं असल्याची खात्री न करताच आपण काटलं, याची त्यांना माझ्यापेक्षा जास्त लाज वाटली.

तिसऱ्या रविवारी तो आला. हातात त्याच्या सेनेचा डबा होता. मला वाटलं, जाता जाता दाखवायला आणला असेल. तो बसलाच नाही.

"गुरुजी, तुम्ही पंच. नीट ऐका. कारखान्यात मोजायचं एखादं गेज चुकीचं निघालं तर काय करतात? विचारा याला."

गुरुजींनी मला विचारलं. मी सांगितलं : त्या गेजने आधी जे जे मोजून पास केलं, ते सगळं संशयित ठरतं. परत तपासावं लागतं. गेज नेमकं कधीपासून चुकलं हे कुणी सांगू शकत नसलं, तर शेवटचं बरोबर असल्याचा पुरावा असेल तिथपर्यंत मागे जायचं.

"तर मग," तो म्हणाला. "त्या रविवारपासूनच्या सगळ्या लढाया रद्द. हा जिंकला नाही, मी हरलो नाही. काही झालेलंच नाही. सगळ्या परत खेळायच्या."

"सगळ्या?" माझी बायको आतून म्हणाली. "भाऊजी, किती वर्षं जगायचा विचार आहे?"

"ते वहिनी, तुमच्या पोह्यांवर अवलंबून."

"आणि मी दिलेले निकाल?" गुरुजींनी हळूच विचारलं.

"तुमच्यावर ठपका नाही. फूटपट्टीच खोटी होती."

मी विचारलं, "आणि माझ्यावर?" मला माफी हवी होती, उघड शब्दांत. म्हातारपणी माणूस असा हावरट होतो.

त्याने खिशातून लाल चिकटपट्टीचा तुकडा काढला. घरून कापून आणला होता. तो त्याने माझ्या सदऱ्याच्या खिशावर चिकटवून अंगठ्याने दाबला. चुकीच्या गेजला कारखान्यात अशीच लाल खूण लावून बाजूला ठेवतात. दुरुस्त होऊन तपासणीतून पास होईपर्यंत त्याला हात लावायचा नसतो.

"आजच्या दिवस नियम तू करायचे नाहीत," तो म्हणाला. "चहा दे."

बायको इतकी हसली, की तिला खुर्ची धरावी लागली. मी ती पट्टी दिवसभर काढली नाही.

नियम त्या दोघांनी केले. पँथरला एक आणि दोनवर बिघाड, टी-चौतीसला एकवर, आणि एक पडल्यावर फासा पुन्हा टाकायचा, परत एकच पडला तर गिअरबॉक्सच गेला, गाडी बाद. माझी मतं त्यांनी ऐकून घेतली, काही मानली, काही नाही. मी चिडलोही नाही. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा मला टेबलाशी बसून काही सांभाळायचं नव्हतं.

त्या लढाईत माझा पुढचा पँथर पुलाच्या तोंडाशीच बसला आणि मागचे दोन त्याच्यामागे खोळंबले. मित्राचे दोन टी-चौतीस टेकडी चढताना एकापाठोपाठ बंद पडले. तो आनंदाने ओरडला, "बघ! बघ, ही खरी साइट!" आपलंच यंत्र बंद पडल्यावर इतका खूष झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. उरलेल्या दोघांनी कडेने जाऊन माझ्या अडकलेल्या रांगेच्या बाजूच्या पातळ पत्र्यावर गोळे टाकले, आणि तो जिंकला.

त्यानंतर तो काही लढाया जिंकला, काही हरला. डबा आता माझ्याच कपाटात असतो. अयोध्या नगरातल्या मुलांना त्याने सांगून टाकलं, बघायला या, न्यायला नको. तो पुन्हा नकाशे काढून येतो. स्मरणिकेसाठी हे लिहितोय म्हटल्यावर त्याने एवढंच बजावलं, की नाटुकल्याबद्दलही लिही, लोकांना माझ्या कापसाचा हिशेब कळू दे.

गेल्या रविवारी त्याने घाई केली. नदीपलीकडे माझे टायगर आहेत हे माहीत असताना उघड्यावर आला आणि तासाभरात त्याची सेना संपली. फासे सरळ होते, बिघाडही दोघांचे झाले होते. मी ओशाळून काही म्हणणार, तेवढ्यात तो म्हणाला, "गुरुजी, हा निकाल धरा. हा पक्का. हा माझा मी हरलो."

मग त्याने खुर्ची ओढली आणि बिघडलेला रणगाडा जागेवर दुरुस्त करायचा नियम आपल्याकडे अजून का नाही, यावर माझ्याशी जेवणाची पानं मांडेपर्यंत भांडला.